महापौर कोण ते नंतर सांगा, किती महिन्यांचा ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

15 जानेवारी 2026 ला आमच्या कोल्हापूर महापालिकेचं मतदान आहे. सकाळी पहिली रिक्षा भोंगा लावून गल्लीत शिरते ती रात्री दहापर्यंत एकामागं एक चालूच असतात, प्रत्येकाचं गाणं वेगळं पण एक वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडात सारखं, "यावेळी महापौर आमचाच". इकडचे पण म्हणतात आमचाच आणि तिकडचे पण म्हणतात आमचाच, अहो महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत पण अजून निघालेली नाही, खुर्ची बाईची का पुरुषाची, ओबीसीची का ओपनची हेच कुणाला माहीत नाही तरी प्रत्येक प्रभागात दोन-तीन तरी भावी महापौर फिरायला लागलेत. असू दे, हौसेला मोल नसतं. पण या सगळ्यांना मला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो घरी आलेल्यांना मी तोंडावर विचारला पण, नीट उत्तर मिळालं नाही म्हणून आता तुमच्या पेपरातून विचारते. महापौर तुमचाच, मान्य. किती महिन्यांचा?

बाहेरगावच्या वाचकांना हा प्रश्न विचित्र वाटेल. कोल्हापूरकराला वाटणार नाही. कायद्यानं महापौराची मुदत अडीच वर्षांची, म्हणजे पाच वर्षांच्या सभागृहात साधं गणित केलं तर दोन महापौर व्हायला पाहिजेत. आमच्याकडं 2015 ला 81 नगरसेवक निवडून गेले आणि 2020 ला मुदत संपेपर्यंत महापौर किती झाले? सात-आठ. मोजताना माझाच गोंधळ होतो, तुमच्या वार्ताहरांना पाठ असेल. कुणाला वर्ष मिळालं, कुणाला सहा महिने, कुणाला त्याहून कमी. आणि हे काय त्या पाच वर्षांतच झालं असं नाही, त्याच्या आधीच्या सभागृहात पण हाच खेळ, आमच्या पेपरांनी तर त्याला "पदाची खांडोळी" असा कायमचा शब्दच देऊन टाकलाय.

ही खांडोळी होते कशी हे पण सगळ्या गावाला माहीत आहे. सत्ता आली की नेत्यांच्या बंगल्यावर बैठक. खुर्ची एक आणि शब्द दिलेले पाच-सहा जणांना, कुणाला तिकिटाच्या वेळी, कुणाला दुसऱ्या पक्षातून फोडून आणताना, कुणाचा नवरा जुना कार्यकर्ता म्हणून. मग ठरतं की पहिले सहा महिने हिला, पुढचे सहा तिला. स्थायी समिती कुणाकडं, परिवहन कुणाकडं, महिला बालकल्याण कुणाकडं सगळं त्याच बैठकीत. मुदत संपली की राजीनाम्याचं नाटक सुरू, आज देणार, उद्या देणार, सभेत देणार, देवदर्शन करून आल्यावर देणार. मग एकदाचा राजीनामा, मग विभागीय आयुक्तांकडून निवडणुकीची तारीख येईपर्यंत वाट, मग फूट नको म्हणून नगरसेवकांची सहल. सहल हा आमच्या लोकशाहीतला एक स्वतंत्र टप्पाच आहे बघा, मतदान करून आम्ही घरी आणि निवडून आलेले थेट रिसॉर्टला. मग सभागृहात हात वर, मग गुलाल, हलगी, फटाके, अंबाबाईचं दर्शन, नेत्यांच्या पाया पडणं, आणि तिथून पुढं महिनाभर सत्कार. गल्लीतलं तालीम मंडळ सत्कार करणार, समाजाची संघटना करणार, शाळा करणार, भिशीच्या बायका करणार. तेवढ्यात पुढच्या इच्छुकाची चुळबूळ चालू होते.

माझं शिलाईचं छोटं दुकान आहे म्हणून मला हे असं दिसतं, अडीच मीटर कापड सहा जणींना सारखं फाडून दिलं तर सहाही जणी खूश होऊन घरी जातील पण ब्लाऊज एकीचाही होणार नाही.

आता कुणी म्हणेल महापौर बदलला म्हणून तुमचं काय बिघडलं, काम तर प्रशासन करतं. बिघडतं ते असं. महापालिकेतला अधिकारी हा माणूस ओळखण्यात पक्का असतो. समोर बसलेली व्यक्ती गणपतीपर्यंतच आहे का दिवाळीनंतर पण असणार आहे हे त्याला तिच्या आधी कळतं. मग तिनं विचारलं की अमुक रस्त्याची निविदा कुठं अडकली, तर तो म्हणतो "माहिती घेऊन सांगतो मॅडम", आणि माहिती घेईपर्यंत मॅडम बदललेल्या असतात. नवीन मॅडमना परत पहिल्यापासून सांगायचं. एखाद्या कामाच्या मागं लागायला बजेट एकदा तरी स्वतः मांडलेलं, वर्षभर बघितलेलं आणि पुढच्या वर्षी त्याचा हिशोब विचारलेला पाहिजे का नको? आमच्या कितीतरी महापौरांच्या नशिबात एक अख्खं आर्थिक वर्ष पण आलं नाही. या असल्या कारभारात ज्याचं फावतं तो म्हणजे कारभारी. कोल्हापुरात कारभारी म्हणजे कोण हे सांगायला नको, पदावर नसतात पण फाईल त्यांच्या हातून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि ढपला कुठं पाडायचा, म्हणजे मधल्यामधे पैसा कुठं मारायचा, हे पण त्यांनाच कळतं. महापौर जेवढा कमी दिवसांचा तेवढा कारभारी बळकट. हे सगळ्या पक्षांत आहेत आणि हे एकमेकांचे चांगले मित्र असतात, सभागृहात भांडण आणि संध्याकाळी एका ताटात तांबडा-पांढरा.

यातली एक गोष्ट मला बाई म्हणून जास्त टोचते आणि ती कुणी बोलत नाही म्हणून सांगते. 2015 ते 20 या काळात आमच्याकडं ज्या महापौर झाल्या त्या सगळ्या महिला होत्या, कारण आरक्षण तसं होतं. म्हणजे जे पद बायकांना मिळालं त्याचेच एवढे तुकडे झाले. फोटोत साडी, हार, पुष्पगुच्छ, बाजूला नेते आणि मागं मिस्टर. पहिले काही दिवस सभेची पद्धत समजून घ्यायला जातात, विषयपत्रिका म्हणजे काय, उपसूचना कशी देतात, ऐनवेळचा ठराव कुठून घुसवतात, हे कुठल्याही नव्या माणसाला शिकायलाच लागतं, पुरुष असला तरी लागतं. ते जरा जमायला लागलं की नेत्यांचा फोन, ताई आता राजीनामा द्या. त्यातल्या काही जणी खरंच हुशार होत्या, धडपड करत होत्या, मी त्यांना सभेत बोलताना ऐकलंय, अधिकाऱ्याला उभं करून विचारायची धमक होती. पूर्ण अडीच वर्षं मिळाली असती तर यातली एखादी मोठी झाली असती आणि तेच काहींना नको होतं असा मला दाट संशय आहे. वर परत गावात बोलणारे बोलतात, बाईला काय कळतंय, नवराच बघतो सगळं. अहो बघू तरी दिलं का तिला?

आणि माजी महापौर ही पदवी मात्र जन्मभर चिकटते. लेटरहेडवर, गाडीच्या काचेवर, लग्नपत्रिकेत प्रमुख उपस्थितीत, आणि घरावरच्या पाटीवर तर सगळ्यात मोठ्या अक्षरात. लाल दिवा 1 मे 2017 पासून सगळ्यांचाच गेला तरी खुर्चीची हौस काय कमी झाली नाही. मला तर वाटतं निम्मी खांडोळी ही कामासाठी नव्हेच, पाटीसाठी असते.

अधिकाराचं म्हणाल तर ते रडगाणं पण मी ऐकून आहे. कुठलाही महापौर घ्या, पहिल्या महिन्यात "शहराचा कायापालट करणार" आणि खाली उतरताना "महापौराला अधिकारच काय असतात हो, सगळं आयुक्तांच्या हातात". हे खोटं नाही. 1949 च्या महापालिका कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडंच दिलेत, पैशाच्या मंजुऱ्या स्थायी समितीत होतात, आणि महापौर म्हणजे सभेचा अध्यक्ष आणि शहराचा पहिला नागरिक. मुंबईत 1998 च्या सुमाराला मेयर इन कौन्सिल म्हणून वेगळी पद्धत आणून बघितली, महापौराला खरे अधिकार देणारी, ती पण लवकरच गुंडाळली. सगळं मान्य. पण मग अधिकार नाहीत हे माहीत असताना त्या खुर्चीसाठी एवढी रस्सीखेच कशाला, आणि प्रचारात "महापौर आमचा झाला की पाणी रोज, रस्ते चकाचक" हे आश्वासन कुठल्या अधिकारात देता? दोन्ही एकदम कसं चालेल. आणि अगदीच हात बांधलेले असतात असं पण नाही. महासभा महापौर चालवतो, विशेष सभा लावू शकतो, अधिकाऱ्याला सभेत उभं करून उत्तर द्यायला लावू शकतो, पत्रकार ऐकत असतात, दुसऱ्या दिवशी छापून येतं. एकच माणूस अडीच वर्षं दर महिन्याला त्याच प्रश्नावर त्याच अधिकाऱ्याला विचारत राहिला तर कायदा बदलायची गरज पडत नाही. पण त्यासाठी तो माणूस पुढच्या महिन्यात तिथं असायला पाहिजे.

आता बघा या गावाचे मोठे प्रश्न सगळे लांब पल्ल्याचे आहेत आणि आमचे महापौर सगळे आखूड पल्ल्याचे. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणायची थेट पाइपलाइनच घ्या. 488 कोटींची योजना, 2014 ला काम सुरू, पाणी शहरात पोचलं ते 2023 च्या दिवाळीला. मधल्या काळात किती महापौर आले आणि गेले, मुदतवाढ मात्र कायम होती, ती कुठं गेली नाही. आता पाणी आलंय म्हणावं तर कधी पंप बंद, कधी गळती, कधी वीज नाही, आणि उपनगरात परत टँकर. एवढी वर्षं या एका योजनेचा सलग पाठपुरावा केला, सगळी कागदपत्रं डोक्यात आहेत असा सभागृहातला एक तरी महापौर कुणी दाखवून द्यावा.

हद्दवाढीचं तर बोलूच नये. 15 डिसेंबर 1972 ला नगरपालिकेची महापालिका झाली, त्या दिवशी जी हद्द होती तीच आज, 66.82 चौरस किलोमीटर, एक इंच नाही वाढली. महापालिका झाली पण गाव वाढायचं राहूनच गेलं. पुण्याची हद्द दोनदा-तीनदा वाढली, आमच्याकडं प्रस्ताव जातो, आजूबाजूची गावं आंदोलन करतात, गावांचा आकडा कमी करून परत प्रस्ताव, परत आंदोलन, 2017 ला हद्दवाढीऐवजी 42 गावांचं विकास प्राधिकरण हातात दिलं. गाववाल्यांचा विरोध पण मी चुकीचा म्हणणार नाही, शहरातच धड पाणी आणि रस्ते नाहीत तर ते कशाला येतील घरफाळा भरायला? पण त्यांच्याशी बसून, गावोगाव जाऊन, चर्चा करायला शहराचा एक चेहरा लागतो ना. आमचा महापौर गावात जाऊन म्हणणार मी महापौर, सरपंच विचारणार किती दिवस आहात.

कसबा बावड्याचा झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा डोंगर, जयंती नाल्याचं सांडपाणी पंचगंगेत, हे तर दर वर्षीचेच. आणि पंचगंगा काय आमच्यापाशी थांबत नाही. खाली इचलकरंजीला 2012 ला काविळीची साथ आली, माणसं दगावली. तिथं पण आता महापालिका झाली, त्यांची पण ही पहिलीच निवडणूक, पहिला महापौर होईल. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, आमच्याकडून बाकी काय घ्यायचं ते घ्या पण खांडोळी तेवढी घेऊ नका.

चांगलं काय झालं म्हणाल तर शहरातल्या रस्त्यांवरचा टोल गेला. पण तो कुणी घालवला? एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर उतरले, पेठापेठांतली माणसं, बायका, रिक्षावाले, वकील सगळे उतरले, वर्षानुवर्षं लढा चालला तेव्हा टोलनाके हलले. हायकोर्टाचं सर्किट बेंच पण 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं ते वकिलांनी कितीतरी वर्षं लावून धरलं म्हणून. म्हणजे हे गाव एखाद्या गोष्टीच्या मागं लागलं की सोडत नाही, दम आहे गावात. नाही तो खुर्चीत बसणाऱ्याला, कारण त्याला दम धरायला वेळच देत नाहीत.

मग 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सभागृहाची मुदत संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाची केस, मग प्रभागरचना, मग परत कोर्ट, शेवटी सुप्रीम कोर्टानं दरडावून सांगितलं 31 जानेवारी 2026 च्या आत उरका, तेव्हा कुठं ही निवडणूक लागली. पाच वर्षांहून जास्त काळ साडेपाच लाखांच्या शहराला एक पण नगरसेवक नाही, महापौर नाही, आयुक्त तोच प्रशासक. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून मंजूर करायचा. 2019 ला महापूर आला, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 43 फूट, तेव्हा निदान नगरसेवक दारात होते, काही ट्रॅक्टर घेऊन फिरले, काही फक्त फोटोपुरते आले, पण शिव्या द्यायला तरी माणूस होता. 2021 ला पाणी 56 फुटांच्या वर गेलं आणि तेव्हा शिव्या द्यायला पण कुणी नव्हतं. पूररेषेत बांधकामं कशी झाली, भराव कुणी टाकले, नाले कुणी वळवले हे सभागृहात विचारणार कोण? सभागृहच कुलूपबंद. शंभर कोटींचे रस्ते आले, त्यांच्या दर्जावरून पेपरात एवढं छापून आलं, आंदोलनं झाली, पण एक महासभा लागून त्यावर दिवसभर चर्चा झाली असं झालं नाही कारण महासभाच नव्हती.

आता आमच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या बायका म्हणतात, प्रशासकच बरा होता, निदान ढपला तरी कमी. रिक्षा स्टॉपवर पण हेच बोलणं असतं. मला हे पटत नाही, आणि हे बोलणं ऐकून खरा राग येतो तो त्या जुन्या सभागृहावर. लोकशाही नको म्हणण्यापर्यंत लोकांना आणून सोडलं तुम्ही! प्रशासक चांगला असेल किंवा वाईट असेल, त्याची बदली मंत्रालयातून होते, तो आमच्याकडं मत मागायला येत नाही, त्याला माझ्या गल्लीतल्या गटारीचं काय पडलंय. नगरसेवक निदान पाच वर्षांनी एकदा तरी हात जोडून उंबऱ्यात उभा राहतो, यावेळी दहा वर्षांनी राहिला, पण राहिला. ती पाच मिनिटं आपल्या हातात असतात आणि तीच आपण "हो हो बघू, चहा घेणार का" म्हणून घालवतो.

परवा 2 डिसेंबरला आपल्याच जिल्ह्यात कागल, मुरगूड, गडहिंग्लज, जयसिंगपूर, शिरोळ, हुपरी, पन्हाळा सगळीकडं मतदान झालं, तिथल्या लोकांनी नगराध्यक्षाचं बटण वेगळं दाबलं, थेट. पन्हाळ्यासारख्या एवढ्याशा गावाला आपला नगराध्यक्ष स्वतः निवडता येतो आणि कोल्हापूरला महापौर निवडता येत नाही, आम्ही फक्त 81 जण पाठवायचे, पुढचं त्यांचं आणि त्यांच्या नेत्यांचं. मला महापौर आवडला नाही तर त्याला पाडायला मत देता येत नाही, तो दुसऱ्याच प्रभागात उभा असतो, आणि तोपर्यंत तो माजी पण झालेला असतो. म्हणजे राग काढायचा तरी कुणावर? थेट महापौर पाहिजे अशी मागणी बरेच जण करतात. माझं त्यावर मत पक्कं नाही, कारण नगराध्यक्ष एका पार्टीचा आणि सभागृह दुसऱ्याचं झालं की पाच वर्षं नुसती कुस्ती होते हे पण आपण बघितलंय, आणि कायदा बदलणं हे काय आपल्या हातात नाही. खांडोळी थांबवायला मात्र कायदा बदलायला लागत नाही, कायद्यात अडीच वर्षंच लिहिलेत. नेत्यांनी फक्त राजीनामा मागायचा नाही, एवढंच करायचं आहे.

यावेळी तर भर म्हणून चार जणांचा प्रभाग केलाय. 2015 ला एका प्रभागातून एक नगरसेवक होता, चुकला तर कुणाला धरायचं ते माहीत होतं. आता 20 प्रभाग, एकेकात चार, आणि एका प्रभागात तर पाच. प्रभाग एवढे पसरलेत की उमेदवाराला पण शेवटची गल्ली कुठं संपते ते माहीत नाही, एक जण तर आमच्याकडं येऊन पलीकडच्या प्रभागाच्या पाण्याच्या टाकीचं आश्वासन देऊन गेला. आणि पक्षांचं तर काय विचारता, 2015 ला जे एकमेकांच्या विरोधात पोस्टर फाडत होते ते आता एका पोस्टरवर आहेत, आणि जे एका पोस्टरवर होते ते समोरासमोर. म्हणजे निवडून आल्यावर शब्द दिलेल्यांची यादी यावेळी आणखी लांब असणार, हे मला आत्ताच दिसतंय. युती-आघाडीत तीन-तीन पक्ष, प्रत्येकाला महापौरपद पाहिजे, प्रत्येक पक्षात गट, प्रत्येक गटात चार इच्छुक. अडीच वर्षांचे तुकडे यावेळी महिन्यांवर येतात का आठवड्यांवर एवढंच बघायचं.

म्हणून मी घरी आलेल्या सगळ्या उमेदवारांना तोच प्रश्न विचारला. एका पॅनलचे चौघं एकदम आले होते, ओवाळून झालं, पत्रक हातात दिलं, मी म्हणलं थांबा जरा. तुमची सत्ता आली तर महापौर पूर्ण अडीच वर्षं राहणार का मध्ये राजीनामा घेणार? त्यातला एक जण हसला, म्हणाला, "वहिनी तुम्ही पण काय, अजून निवडून तर येऊ दे". दुसरा म्हणाला ते नेते ठरवतील. त्यांच्याबरोबरची उमेदवार मुलगी, वय असेल तिशीच्या आतबाहेर, ती मात्र थांबली आणि म्हणाली मला असं कुणी विचारलंच नव्हतं काकू, मला वाटतं पूर्ण ठेवायला पाहिजे. लगेच मागचा एक कार्यकर्ता म्हणाला चला चला उशीर होतोय, अजून दोन गल्ल्या राहिल्यात. दुसऱ्या पॅनलवाल्यांनी "शंभर टक्के" म्हणून सांगितलं, मी म्हणलं लिहून द्या, तर म्हणाले लिहून काय द्यायचं, शब्द आहे. हाच शब्द किती जणांना दिलाय ते मी विचारलं नाही, घरी आलेल्या माणसाचा अपमान करायची आमच्याकडं पद्धत नाही.

तर संपादक साहेब, माझी विनंती तुम्हाला आहे. तुमच्या पेपरात रोज पान भरून उमेदवारांच्या मुलाखती येताहेत, व्हिजन काय, स्वप्नातलं कोल्हापूर कसं, आवडता पदार्थ कुठला. मिसळ सगळ्यांनाच आवडते, ते कळलं आम्हाला. त्यापेक्षा सगळ्या पक्षांच्या, आघाड्यांच्या नेत्यांना, उमेदवारांना नव्हे हं, नेत्यांनाच, मतदानाच्या आधी एवढं विचारा आणि त्यांच्या फोटोसकट छापा. महापौर अडीच वर्षांचा एकच राहील का, हो का नाही. स्थायी समितीच्या सभापतीसाठी पण महापौराचा सौदा करणार का, हो का नाही. निवडून आलेल्यांना सहलीला नेणार का. उत्तर दिलं नाही तर "उत्तर दिलं नाही" असं छापा, ती पण बातमीच आहे. जे हो म्हणतील त्यांनी 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं, पूर्वी शंभराला काम व्हायचं आता 500 लागतात, पण एवढा प्रचारावर खर्च चाललाय त्यात 500 रुपये काय जड नाहीत. कोर्टात टिकेल का नाही मला माहीत नाही आणि तशी अपेक्षा पण नाही. सहा महिन्यांनी राजीनाम्याचं नाटक सुरू झालं की तुम्ही तो कागद पहिल्या पानावर परत छापायचा, बाकी आमचं आम्ही बघतो.

मतदानाला अजून थोडे दिवस आहेत, सगळी मतं मी पक्की केलेली नाहीत, त्या मुलीचं तेवढं ठरलंय. बाकीची तुमच्या पेपरात कुणाचं काय उत्तर येतं ते वाचून ठरवीन. माझ्या दुकानात रोज पेपर येतो आणि येणाऱ्या बायका ब्लाऊजची वाट बघत तो वाचतात, तेव्हा छापलंत तर वाचलं जाईल याची काळजी नको.

कळावे,
आपली,
वेळेत घरफाळा भरणारी एक नागरिक,
ई वॉर्ड, कोल्हापूर